म्हातारा कुत्रा लंगडू लागला म्हणजे

तुरीच्या शेंगा भरू लागल्या आणि रात्री गार वारा सुटला, की आपल्या भागातल्या पुष्कळ घरी एक गोष्ट नजरेस येते. राखणीचा जुना कुत्रा सकाळी लवकर उठत नाही. उठलाच तर पुढचे पाय ताणून, मागचे धड ओढत उभा राहतो, चार पावले अवघडून टाकतो आणि मग थोडा मोकळा होतो. पूर्वी एका उडीत बांध ओलांडणारा हा कुत्रा आता बांधाला वळसा घालून येतो. रविवारी मिस्साला निघालेल्या माणसांच्या मागे चर्चच्या फाटकापर्यंत येणारा आता वेशीपाशीच बसून राहतो. पोरांनी कमरेवर हात ठेवला तर गुरगुरतो. घरची माणसे म्हणतात, "म्हातारा झाला, आता असेच चालायचे."

हे अर्धेच खरे आहे. वय परत फिरत नाही हे खरे, पण दुखणे तसेच सोसत पडले पाहिजे हे खरे नाही. कुत्रा सांधेदुखीत सहसा ओरडत नाही. तो फक्त कमी हिंडतो, कमी उड्या मारतो, एकाच जागी मनगट चाटत बसतो. ओरडत नाही म्हणून दुखत नाही असे समजून आपण दोन-तीन वर्षे घालवतो. तोवर मांडीचे मांस झडून जाते आणि मग खरोखरच फार काही करता येत नाही. मोठ्या चणीचा कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला, लहान चणीचा दहा-अकरा वर्षांचा झाला, की त्याच्या उठण्या-बसण्याकडे लक्ष ठेवावे.

सांध्यात काय बिघडते ते आधी पाहू. हाडांची टोके जिथे मिळतात तिथे त्यांच्यावर एक गुळगुळीत, लवचीक आवरण असते आणि मध्ये वंगणासारखा चिकट द्रव असतो. ज्यांनी लाकडी चाकाची बैलगाडी हाकली आहे त्यांना आख आणि वंगण यांचे नाते सांगायला नको. वयाने, जुन्या माराने किंवा जन्मजात सांधा नीट न बसल्याने हे आवरण झिजते, द्रव पातळ होतो, सांधा सुजतो आणि हाडाच्या कडेला काट्यासारखी वाढ होते. मात्र गाडीची उपमा इथेच सोडावी लागते. आखाला बाहेरून वंगण घालता येते, सांध्याला घालता येत नाही. त्या आवरणात रक्तवाहिन्याच नसल्यामुळे एकदा झिजलेले ते फारसे भरूनही येत नाही. म्हणून "मुळापासून बरा करतो" असे सांगणाऱ्यापासून दूरच राहावे. दुखणे कमी करणे, सूज उतरवणे आणि स्नायू टिकवणे, एवढे आपल्या हातात आहे, आणि तेवढ्याने कुत्र्याची पुढची काही वर्षे चांगली जाऊ शकतात.

पण प्रत्येक लंगडणे म्हणजे सांध्याची झीज नव्हे. प्रथम पाय उचलून तळवा पाहावा. बाभळीचा काटा, बोटांच्या बेचक्यातली जखम, वाढून आत वळलेले नख, एवढ्याने कुत्रा महिनाभर लंगडतो. चांगला धावता कुत्रा एकाएकी मागचा पाय वर धरून तीन पायांवर चालू लागला तर गुडघ्यातला बंध तुटलेला असू शकतो. एकाच हाडावर कठीण, दुखरी सूज वाढत असेल तर ती गाठ वाईट जातीची असू शकते. ही दोन्ही दुखणी घरी ओळखायची नव्हेत.

सर्वांत जास्त चुकते ते गोचीडतापाच्या बाबतीत. आपल्याकडे गोचिडांना तोटा नाही. कुत्र्याची तपकिरी गोचीड अंगावरच राहते असेही नाही. ती गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, ओसरीच्या कोपऱ्यात, कुत्र्याच्या पोत्याखाली अंडी घालते. तिच्या चाव्यातून जे रोगजंतू रक्तात जातात, त्यांच्यामुळे काही कुत्र्यांचे सांधे सुजतात. मग कुत्रा आज पुढच्या उजव्या पायाने लंगडतो, चार दिवसांनी मागच्या डाव्या पायाने. जेवण टाकतो, सुस्त होतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. ताप आहे का हे अंगाला हात लावून कळत नाही, कारण कुत्र्याचे नेहमीचेच तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते आणि तो आपल्या हाताला एरवीही गरमच लागतो. कुत्रा म्हातारा असला की ही सगळी लक्षणे म्हातारपणाच्या खात्यावर मांडली जातात. पण रक्त तपासून गोचीडताप ठरला तर डॉक्सिसायक्लिन नावाचे साधे, फार महाग नसलेले औषध आहे. ते साधारण चार आठवडे द्यावे लागते. पुष्कळ कुत्रे दोन-तीन दिवसांतच तरतरीत दिसू लागतात, आणि तिथेच गोळ्या बंद केल्या जातात. ते करू नये. सांगितलेले सगळे दिवस पुरे करावेत आणि त्याच वेळी गोठ्याच्या भेगा लिंपून, पोती उन्हात टाकून गोचिडीचाही बंदोबस्त करावा.

आणखी एक धोक्याची सूचना इथेच देतो. कुत्र्याची चाल एकाएकी लटपटू लागली, जबडा लोंबला, लाळ गळू लागली, आवाज बदलला, तर "संधिवात आहे, औषध पाजतो" म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नका. पिसाळण्याचा रोग नेहमी चावऱ्या रूपातच येतो असे नाही. लुळे पडण्याच्या रूपातही तो येतो. पोरांना दूर ठेवा, कुत्र्याला कोंडा आणि डॉक्टरांना बोलवा. कोणाला चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर ती जागा साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्यात धुवा आणि लगेच माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस घ्या. त्यात एक दिवसही घालवू नका.

डॉक्टर कुठे, हा प्रश्न आपल्या भागात इतरांच्या मानाने सोपा आहे. तालुक्याच्या गावी जनावरांचा सरकारी दवाखाना असतो. २००४ च्या कायद्याने कर्नाटकाचे पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे मुख्य ठिकाण बीदरलाच, नंदीनगर येथे आहे आणि तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सीमेपलीकडे लातूर जिल्ह्यात उदगीरलाही असेच महाविद्यालय आहे. औराद, भालकीच्या लोकांना दोन्हींपैकी जे सोयीचे ते गाठता येईल. देवणी बैलाचा खुर दुखला तर आपण टेंपो करून दवाखाना गाठतो. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी जायला मात्र लाज वाटते. ती वाटू नये. जाताना दोन गोष्टी बरोबर न्याव्यात. एक, कुत्र्याचे वजन. आडतीतल्या काट्यावर किंवा गिरणीत आधी एकट्याने उभे राहून, मग कुत्र्याला उचलून घेऊन वजन करा, फरक तो कुत्र्याचा. दुसरी, तो घरी सकाळी कसा उठतो ते मोबाईलवर टिपलेले चित्र. दवाखान्यात नवख्या वासाने घाबरलेला कुत्रा कधीकधी अगदी सरळ चालतो आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही.

आता औषधाकडे वळू. इथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

घरोघरी फळीवर एक डबा असतो. त्यात आजीच्या गुडघेदुखीच्या गोळ्या, कोणाच्या दाढेच्या, कोणाच्या तापाच्या उरलेल्या गोळ्या असतात. कुत्रा लंगडताना पाहून दया येते आणि त्यातली एक गोळी भाकरीत घालून दिली जाते. हेतू चांगला असतो, पण त्या दयेने कुत्रे मरतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची औषधे कुत्र्याच्या पोटात जखमा करतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात. दोन-चार दिवसांत कुत्रा ओकू लागतो, विष्ठा डांबरासारखी काळी होते, तो पाणी पीत राहतो आणि मग खाणेपिणे सोडतो. लोक म्हणतात, म्हातारपणाने गेला. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नये, आणि मांजराला तर त्याची एक गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते.

कुत्र्याच्या सांधेदुखीवर डॉक्टर पुष्कळदा मेलॉक्सिकॅम देतात. नाव ऐकून कोणी म्हणेल, हे तर आमच्या आजीच्याच कागदावर आहे. आहे खरे, पण माप पाहा. कुत्र्याला पहिल्या दिवशी दर किलो वजनामागे ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे रोज ०.१ मिलिग्रॅम, असा त्याचा नेहमीचा हिशेब असतो. म्हणजे पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला रोज दीड मिलिग्रॅम. माणसांची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची असते. पंधराची गोळी म्हणजे एका घासात दहा दिवसांचे औषध झाले. म्हणून कुत्र्यासाठी पातळ औषध मिळते, ते वजनाप्रमाणे मोजून पाजतात. ते नेहमी जेवणावर द्यावे. उलटी, जुलाब, काळी विष्ठा किंवा अन्नावरची वासना जाणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी औषध थांबवून डॉक्टरांना विचारावे. बरेच दिवस चालू ठेवायचे असेल तर आधी आणि मधूनमधून रक्त तपासून मूत्रपिंड व यकृत ठीक आहे ना ते पाहतात. याच्या जोडीला स्टेरॉईडचे इंजेक्शन कधीही घेऊ नये. एका दवाखान्यात गोळी, दुसरीकडे सुई, असे केले की हा घोटाळा होतो. म्हणून आधी काय दिले आहे तो कागद जपून ठेवा आणि दाखवा.

या दुखण्याच्या औषधांची गोष्ट कुत्र्यापाशी संपत नाही. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल, गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की घटकाभरात आकाशातून गिधाडे उतरत आणि संध्याकाळपर्यंत हाडांचा सांगाडा उरे. पांढऱ्या पाठीची ती गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतात शंभरातली नव्याण्णव नाहीशी झाली. कारण २००४ मध्ये सापडले. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात राहते आणि ते खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे बंद पडतात. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचणे चालूच राहिले, म्हणून २०१५ मध्ये त्या मोठ्या बाटल्याही बंद केल्या. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या दोन औषधांवर जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही असे तपासून ठरले आहे. तेव्हा कुत्र्यासाठी असो की बैलासाठी, औषधाच्या दुकानात "काहीतरी दुखण्याचे द्या" असे न म्हणता डॉक्टरांच्या कागदावरचेच नाव मागावे.

औषधाइतकीच, आणि लठ्ठ कुत्र्याच्या बाबतीत औषधाहून अधिक, उपयोगी गोष्ट फुकट आहे. ती म्हणजे वजन उतरवणे. आपले शेतावरचे गावठी कुत्रे बहुधा सडसडीत असतात, त्यांना हे लागू नाही. उलट म्हातारपणी त्यांचे मांस झडू नये म्हणून थोडे अंडे, उकडलेल्या कोंबडीचे तुकडे मिळाले तर बरे. पण हैदराबादला किंवा पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने हौसेने घेतलेले आणि मग जागा पुरेना म्हणून गावी आणून सोडलेले लॅब्राडोर आता बऱ्याच घरी दिसतात. या जातीत खुब्याचा सांधा जन्मतःच सैल असण्याचा दोष आढळतो. वर तूप लावलेली पोळी, उरलेला भात, नाताळचा फराळ, सगळे त्याच्याच ताटात. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना आयुष्यभर पाहिले गेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिले. २००२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. कमी खाणारे मध्यमानाने तेरा वर्षे जगले, जास्त खाणारे सव्वाअकरा वर्षे, आणि सांध्याच्या औषधाची गरज कमी खाणाऱ्यांना सुमारे तीन वर्षे उशिरा लागली. आधीच लठ्ठ आणि लंगडणाऱ्या कुत्र्याचे वजन शंभराला सहा इतके उतरले तरी चालीत फरक पडतो असेही दिसून आले आहे. तीस किलोच्या कुत्र्याला हे दोन किलोसुद्धा होत नाही. बरगड्यांवरून हात फिरवावा. थोडे दाबल्यावर बरगड्या मोजता आल्या तर ठीक, शोधाव्या लागल्या तर भाकर कमी करावी.

घरातली जमीन हा दुसरा भाग. आपल्या भागाला शहाबादी फरशीचे वरदान आहे. घर स्वच्छ राहते, उन्हाळ्यात गार राहते. म्हाताऱ्या कुत्र्याला मात्र तीच फरशी वैरीण होते. पायांनी चालून चालून ती आरशासारखी गुळगुळीत झालेली असते. उठताना कुत्र्याचे मागचे पाय दोन बाजूंना घसरतात, दुखऱ्या खुब्याला हिसका बसतो आणि मग तो उठायलाच घाबरतो. डिसेंबर-जानेवारीत तिचा गारठा हाडांत शिरतो तो वेगळाच. उपाय सोपा आहे. तो जिथे झोपतो तिथपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत जुन्या पोत्यांची पट्टी अंथरावी, पोते सरकू नये म्हणून कडेला वीट ठेवावी. निजायला भुश्शाने भरलेले पोते आणि वर जुनी वाकळ. आठवड्याला ती उन्हात टाकावी, गोचिडीही मरतात. ओसरीची पायरी उंच असेल तर एक फळी तिरपी टेकवून तिच्यावर तरट ठोकावे. नखे वाढली असतील तर कापून घ्यावीत. लांब नखांचा कुत्रा फरशीवर बर्फावर चालल्यासारखा चालतो.

चालणे बंद करू नये. विश्रांती दिली तर बरे वाटेल असे आपल्याला वाटते, पण न वापरलेला स्नायू झडतो आणि सांध्याचा आधारच जातो. मात्र सहा दिवस बांधून ठेवून सातव्या दिवशी शेतापर्यंत चार मैल नेणे, हे त्याहून वाईट. रोज तीन वेळा, थोडे थोडे, ठरावीक चालवावे. पावसाळ्यात काळ्या रानातून नेऊ नये. तिथला चिखल पायाला बिलगून प्रत्येक पाऊल जड होते. मुरमाची वाट धरावी. बीदरच्या पठारावर तांबडी जमीन असल्याने तिकडच्यांना ही अडचण कमी. तळ्याच्या काठी उथळ, संथ पाणी असेल तर त्यातून चालवणे फार चांगले, पाणी वजन उचलते. विहिरीत उतरवण्याचे धाडस करू नये.

शेकाने आराम पडतो. जाडे मीठ किंवा वाळू तव्यावर गरम करून फडक्यात बांधावी, आधी आपल्या गालाला लावून पाहावी आणि दहा मिनिटे शेकावे. करडईच्या तेलाने मांडी, पाठ हलक्या हाताने चोळली तर आखडलेले स्नायू सैल होतात. तेल सांध्यात मुरते हा मात्र गैरसमज आहे. बिब्बा लावू नये. माणसाच्या कातडीवर फोड आणणारा तो पदार्थ, कुत्रा चाटून काढतो आणि तोंड, जीभ भाजून घेतो. दुखण्याचे मलम, टर्पेंटाइन यांचेही तेच. आणि डाग देणे, म्हणजे तापल्या लोखंडाने सांध्यावर चटके देणे, हे अजूनही कुठे कुठे चालते. त्याने सांध्याचे काही बरे होत नाही. नव्या जखमेच्या वेदनेपुढे जुनी काही दिवस झाकली जाते इतकेच. हा क्रूरपणा आहे आणि १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हाही होऊ शकतो.

बाजारात सांध्यासाठी पुष्टीच्या गोळ्या मिळतात. त्यांतल्या ग्लुकोसामाइनबद्दल गाजावाजा मोठा आणि पुरावा थोडा. पैसा जास्त झाला असेल तर द्यावे, अपाय सहसा होत नाही. माशाच्या तेलाचा थोडा उपयोग होतो असे बऱ्याच तपासण्यांत दिसले आहे. आपल्याकडे जवस पिकते म्हणून जवसाचे तेल चालेल का? माणसांना जवसाची चटणी उत्तम, पण त्यातला गुण माशाच्या तेलासारखा होण्यासाठी शरीरात जो बदल घडावा लागतो तो कुत्र्यात फार कमी घडतो.

इतके करूनही एक वेळ अशी येते की कुत्र्याला उठताच येत नाही, तो जागच्या जागी घाण करतो, अंगाला जखमा पडतात, औषधाने रात्र निभत नाही. अशा वेळी पोत्यात घालून बाजाराच्या गावी सोडून येणारे लोक आहेत, भाकरीत विष घालणारेही आहेत. बारा वर्षे खळे राखलेल्या जनावराशी असे वागू नये. डॉक्टर गुंगीच्या औषधाचे मोठे माप शिरेतून देतात. कुत्रा आधी झोपतो आणि झोपेतच श्वास थांबतो. घरच्या ओळखीच्या माणसाने डोक्यावर हात ठेवून जवळ बसावे. ते औषधही मांसात राहते, म्हणून देह उघड्यावर टाकू नये, दुसरी कुत्री आणि पाखरे खाऊन मरतात. विहिरीपासून लांब, कमरेइतका खोल खड्डा घेऊन त्याच दिवशी पुरावा आणि वर दगड रचावेत.